बिल नको म्हणालात ना?

जून उजाडला की सोलापुरात जुन्या लॅपटॉपचा बाजार तापतो. पोरगं अभियांत्रिकीला, पोरगी बीसीएला आणि बापाच्या खिशात पंधरा हजार. एवढ्यात नवा येत नाही, म्हणून पुण्याहून आलेला घ्यायचा. 'पुण्याचा माल' हे शब्द आपल्याकडे अजून वजन राखून आहेत, मग तो माल पुण्यानं टाकून दिलेला का असेना. कुठल्याशा आयटी कंपनीनं भाड्यानं घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी परत जातात, लॉटनं विकले जातात आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत आपल्या गावात पोचतात. काळे, जाडजूड, कोपऱ्यांत घासलेले, पण दणकट. दुकानदार चालू करून दाखवतो, गाणं लावतो, वायफाय जोडतो, झाकण उघडमीट करून बिजागरी किती घट्ट आहे तेही दाखवतो. बाप खूश होतो. मग शेवटचा प्रश्न येतो.

"बिल लागतंय का, मालक? लागत असलं तर वर अठरा टक्के."

सोलापुरात गिऱ्हाईक मालक, दुकानदार मालक आणि रिक्षावालाही मालक. इतके मालक असल्यामुळं कशाची मालकी सिद्ध करायची वेळ सहसा येत नाही. बाप म्हणतो, बिल कशाला, ओळखीतलेच आहात की. दुकानदार म्हणतो, तेच म्हणतो मी. आणि पंधरा हजारांच्या वस्तूचा कागद दोघांच्या संमतीनं जन्मायच्या आत संपतो.

तो कागद काय कामाचा होता हे एका सकाळी कळतं. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि विंडोजचं चित्र यायच्या आधीच काळ्या पडद्यावर एक चौकट उभी. पासवर्ड टाका. एकदा टाकला, चूक. दुसऱ्यांदा टाकला, चूक. तिसऱ्यांदा चुकलं की बरेच लॅपटॉप तोंड फिरवून बसतात. बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय विचारतसुद्धा नाहीत.

हा पासवर्ड कुणी टाकला, हा पहिला कौटुंबिक प्रश्न. पासवर्ड टाकणारा आणि लॅपटॉप वापरणारा ही आपल्याकडे नेहमी दोन वेगळी माणसं असतात. दिवाळीला पुण्याहून आलेला मुलगा वडिलांच्या लॅपटॉपची 'सिक्युरिटी वीक आहे' म्हणून रात्री काहीतरी करतो आणि पहाटेच्या गाडीनं हिंजवडीला परत जातो. होस्टेलवरचा भाचा खोलीतल्या मित्रांना अडवायला कुलूप घालतो आणि परीक्षा संपली की कुलपासकट लॅपटॉप मामाला देतो. काही वेळा तर आधीच्या कंपनीच्या आयटी विभागानं घातलेलं कुलूप आतल्या दारावर तसंच असतं. रोज चालू होताना ते दिसत नाही. विंडोज नव्यानं टाकायला पेन ड्राइव्ह लावला, की मग दिसतं.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचा संवाद गावभर सारखाच.

"काय झालंय?"

"चालू होईना ओ. पासवर्ड मागतंय."

"विंडोजचा का आधीचा?"

"आधीचा म्हणजे?"

"कंपनीचं नाव येतंय, त्याच्या मागोमाग मागतंय का?"

"हां, तिथंच."

"मग बायोसचा हाय, विंडोजच्या आधी जागं होतंय त्याचा. कुणी टाकला?"

"पोरानं."

"मग पोराला विचारा की."

"विचारलं. म्हणतंय, मी टाकलाच नाही."

"घेतला कुठनं?"

"ओळखीतनं."

"बिल?"

इथं संवाद थांबतो आणि चहा येतो.

चहा पिताना शेजारच्या स्टुलावरचा एखादा जाणकार उपाय सांगतोच. आतला सेल काढा, अर्धा तास थांबा, परत बसवा, सगळं विसरतंय ते. हा उपाय खोटा नाही, पण तो लॅपटॉपचा नाही. १९८४ साली आयबीएमनं पीसी एटी हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हा त्याची सेटिंग्ज एका मोटोरोला चिपमध्ये राहायची. चिपची साठवण अवघी ६४ बाइट, त्यातले १४ घड्याळालाच लागायचे. बॅटरी काढली की चिप कोरी. त्या यंत्राला समोरच्या बाजूला खरंखुरं लोखंडी किल्लीचं कुलूपही होतं. किल्ली हरवली तर निदान कुठं हरवली ते शोधता तरी यायचं. चालू करतानाचा पासवर्ड आयबीएमनं १९८७ च्या पीएस/२ मालिकेत दिला आणि पुढं तो डेस्कटॉपांत सगळीकडं पसरला. तो जपायला नाण्याएवढा सेल आला, सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून २०३२. घड्याळवाल्याकडं मिळतो. त्या काळात सेल काढून पासवर्ड घालवणारा प्रत्येक पोरगा गल्लीत इंजिनिअर ठरायचा. त्यातले काही पुढं खरोखर झाले.

लॅपटॉप बनवणाऱ्यांना ही मौज परवडणारी नव्हती, कारण लॅपटॉप काखोटीला मारून पळता येतो. त्यांनी पासवर्ड उचलून अशा चिपमध्ये ठेवला, की तिला लक्षात ठेवायला वीजच लागत नाही. सेल काढा, मोठी बॅटरी काढा, लॅपटॉप श्रावणभर उपाशी ठेवा, तिला आठवतंच. सेल काढल्यानं फक्त घड्याळ मागं जातं. तारीख चुकलीय हे आत गेल्यावर दिसलं असतं, पण आतच जाता येत नाही.

एके काळी मागचं दार होतं. बायोस बनवणाऱ्या कंपन्या स्वतःसाठी एक चोरपासवर्ड ठेवत, आणि तो इतका गुप्त असे की इंटरनेट आल्याबरोबर त्याच्या याद्या फिरू लागल्या. काही लॅपटॉप तीन चुकांनंतर पडद्यावर एक आकडा दाखवत. त्या आकड्यावरून उघडायचा कोड काढायचं गणितही लोकांनी पुढं फोडलं. म्हणून नव्या यंत्रांत कंपन्यांनी ही दारं एकेक करून लिंपली.

आता राहिला राजमार्ग, म्हणजे कंपनीकडं जाणं. आणि आमच्या कहाणीतला खलनायक इथंच भेटतो. थिंकपॅडच्या पुस्तिकांत लेनोवोनं सरळ लिहिलंय: सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर आम्ही तो काढून देऊ शकत नाही, मदरबोर्ड बदलून घ्यावा लागेल, खर्च तुमचा, आणि येताना खरेदीचा पुरावा आणा. डेल कोड देते, पण आधी सर्व्हिस टॅगवरून पाहते की हे यंत्र कुणाच्या नावावर आहे आणि विचारणारा तोच आहे का. इंटेल चिपच्या मॅकवर फर्मवेअर पासवर्ड विसरलात तर अॅपलचा अधिकृत माणूस तो काढून देतो. त्यालाही मूळ बिल लागतं. पद्धती वेगवेगळ्या, पण तिघांपैकी एकही तुमच्या आईचं माहेरचं आडनाव विचारत नाही, पहिल्या शाळेचं नाव विचारत नाही. तिघांनाही मालकीचा पुरावा हवा असतो.

गिऱ्हाईक चिडतं. माझी वस्तू, माझे पैसे, हे कोण विचारणारे! चिडू द्या. पण यात कंपनीचं चुकत नाही, हे मी कंपन्यांचा कसलाही स्नेही नसताना सांगतो. "हा माझाच आहे, फक्त पासवर्ड विसरलो" हे वाक्य म्हणणारे दोन प्रकारचे लोक असतात, आणि त्यातला चोर ते जास्त ठामपणे म्हणतो. खरा मालक बिचारा अडखळतो. पोराचं नाव सांगतो, भाच्याचं सांगतो, पुण्याचं सांगतो. चेहऱ्यावरून निवाडा करायचा झाला तर प्रत्येक वेळी चोरच लॅपटॉप घेऊन जाईल.

मोबाइलचं बरं आहे. हरवला तर पोलिसांत तक्रार द्यायची, सीईआयआर या सरकारी पोर्टलवर आयएमइआय नंबर टाकायचा, की तो देशभर बंद. ही सोय मे २०२३ पासून सगळ्या देशाला खुली झाली. लॅपटॉपला असला सरकारी वाली नाही. त्याच्या पाठीवर एक सिरियल नंबर असतो आणि तुमच्या घरी, असलंच तर, तोच नंबर छापलेलं बिल असतं. त्या दोन नंबरांची गाठ पडली तर तुम्ही मालक. नाही पडली तर तुम्ही फक्त सोलापुरी अर्थानं मालक.

कंपनीनं हाकललं की माणूस पुन्हा गल्लीतल्या कारागिराकडं येतो. यांच्याकडं खरी विद्या असते, टिंगल करू नये. बोर्डावरची आठ पायांची चिप शोधायची, तिला चिमटा लावायचा, प्रोग्रामरनं आतलं सगळं वाचून घ्यायचं, पासवर्डाची जागा साफ करून परत भरायचं. हात बसलेला असेल तर कित्येक लॅपटॉप उघडतात. चिमटा सरकला किंवा भलतीच फाइल गेली तर बोर्ड मरतो. तसा पासवर्डचा प्रश्न त्यातही सुटतो. यंत्र पुन्हा कधी काही विचारत नाही. आणि एक लक्षात घ्या. जो कारागीर बिल न विचारता तुमचा लॅपटॉप उघडून देतो, तो तुमचा चोरीला गेलेला लॅपटॉपही दुसऱ्या कुणाला त्याच तत्परतेनं उघडून देणार आहे. पहिल्या वेळी आपण त्याला देवमाणूस म्हणतो.

समजा उघडला. पेढे वाटायच्या आधी थांबा, कारण आत दुसरी चौकट उभी असते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत शिरलं, की बहुतेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. हे कुलूप बोर्डावरच्या सुरक्षा-चिपला ओळखतं. कारागिरानं बोर्ड बदलला, बायोस बदललं, की त्याला संशय येतो आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. अठ्ठेचाळीस! आपल्याला बायकोचा दहा आकडी मोबाइल नंबर पाठ नसतो.

ती की असते कुठं? ज्या खात्यानं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्या खात्यात. आणि ते खातं कुणाचं? आता जरा आठवा. दुकानात त्या दिवशी तुम्ही बिजागरीचं कौतुक करत होता आणि दुकानातला पोरगा भराभरा काहीतरी टाइप करत होता. मेल आयडी त्यानं तिथल्या तिथं बनवला. पासवर्ड गावाचं नाव, मग अॅट, मग एक-दोन-तीन. त्यानं तो बोलून दाखवला, तुम्ही मान डोलावली. तो पोरगा आता पुण्यात असतो.

इथं बिलही चालत नाही. ही की हरवली तर मायक्रोसॉफ्टसुद्धा नवी करून देऊ शकत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. तेव्हा कित्येक कार्यालयांत आयटीवाले प्रत्येक यंत्रापुढं बसून हेच ४८ आकडे हातानं भरत होते. काही ठिकाणी आकड्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोही निळाच होता. ज्यांनी यादी छापून फाइलला लावली होती, ते संध्याकाळी घरी गेले.

कागदावर लिहू नका, असं मात्र सरकार सांगतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं २०२२ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात काय काय आहे पाहा. संगणकाला चालू करतानाचा बायोस पासवर्ड घाला. पासवर्ड किमान आठ अक्षरी आणि गुंतागुंतीचा ठेवा. दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदला. आणि चिठ्ठीवर लिहून टेबलावर चिकटवू नका. एकेक सूचना सुटी घेतली तर शहाणी आहे. चारी एकत्र पाळणारा माणूस मला दाखवा, मी त्याची हुतात्मा चौकातून मिरवणूक काढतो.

स्मरणशक्ती कमी आहे म्हणून हे जमत नाही, असं नव्हे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे तीनला. आपल्या भागाची पाळी कोणती, दाब किती वेळ टिकतो, मोटर कधी लावायची, शेजारच्यानं आधी लावली तर काय म्हणायचं, हे सगळं आमच्या बायकांना तोंडपाठ आहे. त्या लॅपटॉपचा पासवर्ड विसरत नाहीत. त्यांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

बरं, हे ठरावीक दिवसांनी बदलण्याचं खूळ आलं कुठून? अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या एका अधिकाऱ्यानं २००३ साली सल्ल्याची पुस्तिका लिहिली: मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं घाला, वेळोवेळी बदला. त्याचं नावही बिल, बिल बर. जगभरच्या कार्यालयांनी ते शिरोधार्य मानलं. लोकांनी शेवटचा एक काढून दोन लावायला सुरुवात केली आणि त्याला बदल म्हटलं. २०१७ साली त्याच संस्थेनं नियम फिरवले: उगाच ठरावीक काळानं बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. निवृत्त झालेल्या बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल पस्तावल्याचं सांगितलं. आमच्याकडच्या सूचना त्यानंतर पाच वर्षांनी निघाल्या. आम्ही पस्तावा आयात करत नाही, फक्त नियम.

मे महिन्यात बदल्या होतात तेव्हा या नियमांचं फळ दिसतं. चार्ज देताना यादी होते. कपाटाच्या किल्ल्या अमुक, शिक्के तमुक, नोंदवह्या इतक्या. जडसंग्रह नोंदवहीत लॅपटॉप एक नग, चार्जर एक नग, बॅग एक नग, माउस नादुरुस्त एक नग. दोघांच्या सह्या. पासवर्डाला रकानाच नाही. जुने साहेब गडचिरोलीला, तिथं मोबाइलला रेंज नाही. नवे साहेब चौकटीकडं बघत बसतात. आठवड्यानं लॅपटॉप कपाटात जातो. कपाटाची किल्ली मात्र यादीप्रमाणं बरोबर सापडते.

गंमत म्हणजे सरकारी कार्यालयाकडं बिल हमखास असतं. तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मंजुरी आणि शाईचे शिक्के मारलेलं बिल, सगळं एका फाइलीत दोरीनं बांधलेलं. ते घेऊन कंपनीकडं गेलं तर लॅपटॉपचा काही ना काही निकाल लागेल. पण त्यासाठी पत्र लिहावं लागतं, आणि पत्र त्या लॅपटॉपमध्ये टाइप करायचं असतं.

पासवर्डाचा हातातून निसटायचा स्वभाव जन्मापासूनचाच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेकांनी वापरायची व्यवस्था उभी केली आणि प्रत्येकाला पासवर्ड दिला. अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते पुरेनात. १९६२ मध्ये त्यानं पासवर्डांची फाइल छपाईला लावली आणि सगळ्यांचे पासवर्ड कागदावर घेऊन गेला. १९६६ मध्ये तर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. म्हणजे पाच वर्षांत पासवर्ड दोनदा फुटला, आणि त्यातल्या एका वेळी सूचनाफलकावर.

आपल्या गावातला सगळ्यात भरवशाचा पासवर्ड-साठाही कागदीच आहे. कुठल्याही ई-सेवा केंद्रात जा. काउंटरखाली दोनशे पानी रजिस्टर असतं. त्यात शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे, प्रवेशाचे, पॅनचे, अख्ख्या वॉर्डाचे पासवर्ड बॉलपेननं लिहिलेले. "तुमचं मागच्या वर्षीचं हाय की आपल्याकडं," असं तो म्हणतो तेव्हा बापाच्या डोळ्यांत पाणी येतं. सुरक्षेच्या दृष्टीनं हे भयंकर आहे. पण तज्ज्ञांनी दुसरी सोय केली नाही तोवर त्या रजिस्टरवर वीज पडू नये, एवढीच सिद्धेश्वराच्या चरणी प्रार्थना.

आता त्या अठरा टक्क्यांकडं वळू. कारण सगळा घोटाळा तिथंच झाला.

पंधरा हजारांवर अठरा टक्के म्हणजे २,७०० रुपये. हा आकडा ऐकून बाप मागं सरला. पण जुन्या मालाचा कर असा लागत नाही. जीएसटीच्या नियमांत वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला मार्जिन योजना आहे, नियम ३२, पोटनियम ५. मालावर त्यानं आधीच्या कराची वजावट घेतली नसेल, तर खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर कर. बारा हजारांना घेतला, पंधराला विकला, तर कर तीन हजारांवर, म्हणजे ५४० रुपये. आणि दुकानाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर फक्त माल विकणाऱ्याला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही. ज्याची नोंदणी नाही, त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेता येत नाही. पण बिल देता येतं. त्याला कुणी अडवलेलं नाही.

म्हणजे "बिल लागलं तर वर अठरा टक्के" हे वाक्य पुष्कळदा कर सांगत नाही, भीती घालतं. त्यातून वाचतो तो दुकानदाराचा हिशेब, आणि जाते ती तुमची मालकी. नव्या लॅपटॉपचं तर बोलायलाच नको. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो, तो तुम्ही बिल घेतलं तरी देता आणि नाही घेतलं तरी देता. नाही घेतलं तर तो कुठं जातो, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही. नीट बिल देणारी दुकानं सोलापुरात भरपूर आहेत. त्यांच्याकडं गर्दी कमी असते, एवढाच त्यांचा दोष.

कायदा गिऱ्हाईकाच्या बाजूनं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या वस्तूचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. जीएसटी कायदाही नोंदणी असलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीपुरतीच सूट देतो, आणि तिथंही गिऱ्हाईकानं मागितलं तर द्यावंच लागतं. शेंगा चटणीच्या पाकिटावर बिल मिळू शकतं आणि लॅपटॉपवर मिळत नाही, हे आपण चालवून घेतो म्हणून चालतं.

तेव्हा या जूनमध्ये जे खरेदीला निघालेत त्यांनी एवढं करावं. पैसे मोजायच्या आधी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला सांगा आणि चालू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये शिरून दाखवायला सांगा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. तिथं पासवर्ड मागितला तर गाणं कितीही चांगलं वाजत असलं तरी लॅपटॉप खाली ठेवा. मायक्रोसॉफ्टचं खातं स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या हातानं उघडा. ती ४८ आकड्यांची की छापून घरच्या कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवा. तिथं हात घालायला चोरही कंटाळतात. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर मूळ बिलाची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली, सही केलेली पावती घ्या. ओळखीतल्याला राग आला तर तो पंधरा हजारांच्या आतला राग आहे, परवडतो.

ज्यांचा घेऊन झालाय, त्यांनी आज लॅपटॉप उलटा करून पाठीवरचा नंबर वाचावा आणि बिलाशी ताडून पाहावा. बिल नसेल तर दुकानात जाऊन मागावं. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. चारच आकडे आहेत, कुठं लिहून ठेवायलाही नकोत.